बाबांनी मान वळवली नाही, आणि आता माझा मुलगा मला काही सांगत नाही

पडवीतला (प्रश्न)

नमस्कार. या मंचावर दोन-तीन वर्षं नुसतं वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझं वय ५१. गाव संगमेश्वर तालुक्यात, बिऱ्हाड खेडला. काम पाइप फिटरचं, तेही शटडाऊनचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिफायनरी, खताचा कारखाना असली मोठी युनिटं काही वर्षांनी महिना-दीड महिना बंद ठेवतात, आतून उघडून साफ करतात, झिजलेले पाइप बदलतात. त्यासाठी ठेकेदार देशभरातून माणसं गोळा करतो. बारा तासांची पाळी, एका खोलीत दहा-बारा जण. एक काम संपलं की दुसरं. वर्षातले सात-आठ महिने मी घराबाहेरच असतो.

गेल्या महिन्यात ५२ दिवसांनी घरी आलो. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या वाण्यानं विचारलं, "पेढे कधी देताय?" मला कळेना. मुलगा आयटीआयला आहे, वीजतंत्रीच्या दुसऱ्या वर्षाला. तिथं झालेल्या मुलाखतीत लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीनं त्याला अप्रेंटिस म्हणून निवडलं होतं. अख्ख्या आळीला ठाऊक, फक्त मला नाही. घरी येऊन जरा चढ्याच आवाजात विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

मोबाइलमधून मान वर न करता तो म्हणाला, "सांगितलं होतं. फोनवर. तुम्ही हं हं, बरं बरं म्हणालात आणि म्हणालात, आईकडे दे."

दोन दिवस आठवून बघितलं. खरंच आठवत नाही. पण तो खोटं बोलणारा पोरगा नाही. त्या रात्री झोप आली नाही, कारण हेच माझ्या बाबतीत घडलेलं आहे, फक्त मी त्याच्या जागी होतो.

माझे बाबा गिरणी कामगार. १९६१ साली सतराव्या वर्षी मुंबईला गेले. सहा-सात वर्षं बदलीवर काढली. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा असला तर काम, नाहीतर परत. मग लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, कायम झाले. राहायला लालबागला, गावकीच्या खोलीत. दहा बाय बाराच्या त्या खोलीत आमच्या वाडीतले वीस-बावीस बाप्ये राहायचे. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा. तिथं बायकापोरांना जागा कुठून असणार? आई गावीच. मी १९७४ चा. आठ वर्षांचा होईपर्यंत बाबा म्हणजे शिमग्याला नाहीतर गणपतीत येणारा चाकरमानी. एसटीतून उतरणारी काळी ट्रंक, तिच्यात बिस्किटांचा पुडा, नवी चड्डी. आणि दर महिन्याची मनिऑर्डर. तिच्या फॉर्मला खाली मजकुराची एक चिठ्ठी असायची, पोस्टमन ती फाडून द्यायचा. आई वाचायला माझ्याकडे द्यायची. "पैसे पोचले की कळव. पावसाआधी कौलं चाळून घे. पोराला वह्या घे." दोन ओळी, फार तर तीन. आईनं त्या सगळ्या जपून ठेवल्यात.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. पावसाच्या तोंडावर बाबा गावी आले ते ट्रंक आणि वळकटी दोन्ही घेऊनच. मला किती आनंद झाला होता! आता बाबा रोज घरी.

पण रोज घरी असलेले बाबा मला कधी भेटलेच नाहीत. पडवीत खांबाला टेकून बसायचे. मी काही बोललो तर तोंडाकडे रोखून बघायचे, डोळे बारीक करून, की पुढचा शब्द घशातच अडकायचा. बोलले तर ओरडल्यासारखं. रेडिओ एवढा मोठा लावायचे की वरच्या वाडीला बातम्या ऐकू जायच्या. आणि घरात भांडं पडलं, ताट आपटलं, की ताडकन उठून अंगावर धावून यायचे. एकदा माझ्या हातून हंडा पायरीवरून गडगडत गेला तेव्हा मला गुरांच्या काठीनं मारलं. त्याचा वळ पंधरा दिवस होता. दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली, मध्ये दोनदा मुंबईला जाऊन गेटवर उभे राहून आले, कुणी आत घेतलं नाही. नंतर दारू आली. ती बाकीच्या घरांत आली तशीच आली, वेगळं काय सांगू.

१९९० च्या जूनमध्ये माझा दहावीचा निकाल लागला. शाळेतून सहा किलोमीटर पळत आलो. आमच्या घराण्यात दहावी झालेला मी पहिला. पाऊस लागला होता. बाबा पडवीत माझ्याकडे पाठ करून दोर वळत बसले होते. मी उंबऱ्यातून म्हणालो, "बाबा, पास झालो. ६१ टक्के."

त्यांनी मान वळवली नाही. हात चालूच. पीळ देतायत, मांडीवर ओढतायत, पीळ देतायत. मी तिथं किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मग आत गेलो. त्या दिवसापासून मी त्यांना माझं काही म्हणजे काही सांगितलं नाही. नोकरी लागली ते आईला सांगितलं. लग्न ठरलं तेही आईला. २००६ साली ते गेले तेव्हा मी कामावर बाहेरगावी होतो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

हेही लिहून टाकतो. १९९७ च्या जानेवारीत संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांचा पवईला खून झाला तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नव्हते. मला त्या वेळी राग आला होता. परक्या माणसासाठी हा माणूस दोन दिवस उपाशी राहतो आणि पोटच्या पोराकडे मान वळवत नाही.

मी मुलाला कधी मारलं नाही. दारूला शिवत नाही. बापासारखं व्हायचं नाही हे एवढंच तर आयुष्यभर पाळलं. तरीसुद्धा पोरगा माझ्याशी तसाच वागतोय जसा मी बाबांशी वागलो. २० दिवसांनी पुन्हा कामावर जायचंय. तोवर मी काय करू? कुठून सुरुवात करू? कुणी यातून गेलं असेल तर सांगा. "मुलाशी मोकळेपणानं बोला" एवढं सांगू नका, ते मलाही कळतं. कसं, ते सांगा.

---

वाईकर

दादा, वाचून उठलो, पाणी पिऊन आलो, मग लिहायला बसलो. माझे वडीलही गिरणीतले, कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात. आम्ही वाई तालुक्यातले. त्यांची गोष्ट तुमच्यापेक्षा वेगळी एवढ्यापुरतीच की ते बोलायचे, पण दम लागायचा म्हणून वाक्य पुरं व्हायचं नाही. रविवारी सुट्टीला बरे असायचे आणि सोमवारी पाळीला उभे राहिले की छाती आवळून यायची. गिरणीतले सगळे त्याला सोमवारचं दुखणं म्हणायचे. कापसाच्या धुळीनं होतं हे मला फार पुढं कळलं. लहानपणी मला वाटायचं, बापाला कामावर जायचा कंटाळा आहे म्हणून सोमवारी असं करतो. एकदा तसं त्यांच्या तोंडावर बोललोही. ते नुसते हसले.

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिच्याशी माझं बरं चालतं ते तिच्या आईमुळे. पण एक करून बघा. घरी आहात तोवर त्याच्या कामात हात घाला. तो वीजतंत्री, तुम्ही फिटर. घरातलं एखादं बोर्ड, पंप, काहीतरी दोघांनी मिळून उघडा. आम्ही बाप-लेक आयुष्यात एकदाच नीट बोललो ते विहिरीवरची मोटर काढताना. समोरासमोर बसवून कुणी "बोल" म्हटलं असतं तर दोघांनाही जमलं नसतं.

---

चार साचे

माझं वय ७८. नात टाइप करतेय, मी सांगतोय. तू माझ्या पोराच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करतो.

तुझा बाप साचेखात्यात होता हे वाचलं आणि मी नातीला म्हटलं, थांब, पुन्हा वाच. दोर वळायचं ते पुन्हा वाच.

अरे, त्याला ऐकू आलं नसेल.

मी कितीतरी वर्षं साच्यावर काढली, आधी दोन साचे, मग चार. एका खात्यात शेकडो साचे. आडवं सूत नेणारा लाकडी धोटा इकडून तिकडे आपटतो, पुन्हा तिकडून इकडे, मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे वेळा, आणि असे शेकडो धोटे एकाच वेळी. सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद, वरून पाण्याचा फवारा, आत सगळी वाफ. आवाज बाहेर जायला जागा नाही. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावायचं. आम्ही बोलायचोच नाही. हातानं खुणा, नाहीतर ओठ बघून ओळखायचं. दोन साचे सोडून पलीकडचा काय म्हणतोय ते मला ओठांवरून कळायचं. तू लिहिलंस ना, तोंडाकडे रोखून बघायचे? आम्ही सगळेच तसे बघतो. माझी सून लग्न होऊन आली तेव्हा घाबरली होती, सासरे असे काय बघतात म्हणून. माझ्या बायकोनं तिला सांगितलं म्हणून बरं.

आता तू म्हणशील, मग त्यानं सांगितलं का नाही? अरे, आम्ही कुणीच सांगत नव्हतो. बहिरा म्हणून कळलं तर साचा जाईल, बदलीवाला टपूनच बसलाय. जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, कळू द्यायचं नाही, मास्तरला कळू द्यायचं नाही. मग तीच सवय घरी येते. घरात बाप्या माणसानं "काय? काय म्हणालास?" असं किती वेळा विचारायचं? दोनदा विचारलं की पोरं हसतात. तिसऱ्यांदा माणूस विचारत नाही. मान हलवतो, हं म्हणतो. हं म्हटलं की काम भागतं.

आमच्या खात्यात कान तपासायला कधी कुणी डॉक्टर आलेला मला आठवत नाही. खोकल्याची बाटली मिळायची.

आणि डॉक्टरांसाठी दोन दिवस जेवला नाही म्हणतोस. त्यावर रागावू नकोस. हा संप कुणी मागे घेतलाच नाही, माहीत आहे ना? मिटला असं कुणी येऊन सांगितलं नाही. पगार झाला नाही, हिशेब झाला नाही, तुम्ही हरलात असं म्हणायलासुद्धा कुणी आलं नाही. माणूस गेटपाशी उभा राहिला तो मनातून तिथंच राहिला. डॉक्टर गेले त्या दिवशी आम्हांला कळलं की आता कुणी बोलावणार नाही. मी त्या दिवशी भायखळ्याला वॉचमनच्या ड्युटीवर होतो. मीही जेवलो नाही.

आई असेल तर तिला विचार. बाईला माहीत असतं.

---

श्रवण

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, गेली चौदा वर्षं कान तपासण्याचंच काम करते. आजोबांनी जे सांगितलं त्याला माझ्याकडून थोडी जोड. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे ठामपणे सांगणं बरोबर होणार नाही. पण तुम्ही जी लक्षणं लिहिलीत ती एकेक करून माझ्या ओळखीची आहेत.

८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास, वर्षानुवर्षं कानावर पडला की आतल्या कानातल्या केसासारख्या बारीक पेशी मरतात. त्या पुन्हा येत नाहीत. धोट्याच्या साच्यांच्या खात्यात आवाज याच्या बराच वर असायचा. हा बहिरेपणा सगळे आवाज सारखे कमी करत नाही, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. आधी जातात उंच पट्टीचे आवाज, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचे. म्हणजे स, श, त, क, फ ही व्यंजनं. आ, ओ, ऊ ऐकू येतात. माणसाला कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. जाड आवाजाच्या पुरुषाचं बरं कळतं, बायकांचं आणि लहान मुलांचं कळत नाही. मग घरातले म्हणतात, "मित्रांशी बोलताना बरं ऐकू येतं, आमच्याशीच येत नाही."

"पास झालो" यात महत्त्वाचं अक्षर स. पाठ तुमच्याकडे, म्हणजे ओठ दिसत नाहीत. वर कौलांवर पाऊस. त्यांच्यापर्यंत काही पोचलं असेल, असं मला वाटत नाही.

भांड्याच्या आवाजाचंही असंच. या माणसांना हळू आवाज ऐकूच येत नाहीत, पण मोठा आवाज एकदम आला तर तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त बोचतो. ऐकू येणं आणि सहन न होणं यांतलं अंतरच कमी होऊन जातं. स्टीलचं ताट पडलं की कानात खिळा ठोकल्यासारखं होतं, असं मला एका पेशंटनं सांगितलं होतं. मारण्याचं समर्थन करत नाही, फक्त काय होत असेल ते सांगते.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजानं येणारा बहिरेपणाही होता आणि वाईकरांनी लिहिलेला कापसाच्या धुळीचा आजार, बिसिनोसिस, तोही होता. कागदावर दोन्ही नोंद करण्याचे, म्हणजे सरकारला कळवायचे, आजार.

आता मुख्य मुद्दा, आणि हा तुमच्या वडिलांचा नाही. तुम्ही शटडाऊनवर काम करता. ग्राइंडर, इम्पॅक्ट रेंच, पाण्याच्या उच्च दाबाची जेट. मुलगा फोनवर एवढी मोठी बातमी सांगतो आणि तुम्ही "हं हं, बरं बरं" म्हणता. तुम्हांला तो फोन आठवत नाही, कारण कदाचित तुम्ही तो ऐकलाच नाही. कृपा करून पुढच्या कामावर जायच्या आधी कान तपासून घ्या. तालुक्याला सोय नसली तर जिल्हा रुग्णालयात विचारा. अर्ध्या तासाचं काम आहे, दुखत नाही.

---

गिरणीवाल्याची लेक

सगळं वाचलं. श्रवणताईंचं फार पटलं. तरी एक गोष्ट राहून जातेय असं वाटतं, म्हणून लिहिते.

बहिरेपणानं मान न वळवणं समजतं. दारू समजत नाही. आमच्या घरी वडील संपानंतर प्यायला लागले तेव्हा माझी आई सकाळी दोन घरची धुणी आणि दुपारी खानावळीच्या पोळ्या करायची. ४० पोळ्या लाटून झाल्या की तिचं मनगट सुजायचं, ती ते कोमट पाण्यात धरून बसायची. आपल्या मुलांशी ती कधी मोकळी बोलली का, असं कुणी विचारत नाही. आम्ही सगळे आयुष्यभर बापाच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत राहिलो. आई गप्प होती तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

तुमच्या प्रश्नात तुमची बायको कुठेच नाही. "आईकडे दे" एवढ्यातच येते. घरातली प्रत्येक बातमी तिच्या हातून इकडून तिकडे जाते. मुलाचं तुम्हांला ती सांगते, तुमचं मुलाला ती सांगते. तुमच्या आईनंही तेच केलं. मुलाला अप्रेंटिसशिप मिळाली हे तिनं तुम्हांला का सांगितलं नाही? कधी विचारलंत का? माझ्या मते तिला वाटलं असणार, या वेळी पोरगं स्वतः सांगतंय तर सांगू दे, मी मध्ये नको. तिला विचारून बघा.

---

पडवीतला

सव्वादोन महिन्यांनी उत्तर देतोय, माफ करा. मधे कामावर जाऊन आलो. पण सगळं क्रमानं सांगतो.

आजोबा, तुमचं लिहिणं वाचून दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गावी गेलो. आई ७४ वर्षांची आहे, भात निवडत बसली होती. मी सरळ विचारलं, बाबांना ऐकू कमी यायचं का? तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "उजव्या कानानं तर त्येंना कायबी येत नव्हता. तुला म्हायती नाय?"

नाही माहीत. मला कुणी सांगितलं नाही. म्हटलं, मग मला बोलली का नाहीस? म्हणाली, "त्येंनी शपथ घातलेली. पोराला कळला तर पोरगा मान ठेवनार नाय म्हनून."

मग मी दहावीच्या निकालाचं विचारलं. ते तिला नीट आठवत होतं, कारण त्या रात्री बाबांना तिनंच सांगितलं होतं. ती म्हणाली, बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "पोरगा मला सांगायला नाय आला."

हे त्यांनी पुढंही कितीतरी वेळा म्हटलं. दारू पोटात असली की हटकून. पोरगा शिकला, पण मला सांगायला नाय आला. मी आत झोपेचं सोंग घेऊन पडलेलो असायचो, त्यांची बडबड ऐकायची नाही म्हणून कानावर गोधडी घ्यायचो.

१६ वर्षं. निकालापासून ते जाईपर्यंत १६ वर्षं आम्ही दोघं एकाच गोष्टीवर रुसून बसलो होतो, आणि ती घडलीच नव्हती. मी आईसमोर रडलो. ५१ वर्षांचा माणूस. ती पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मग पुन्हा भात निवडायला लागली.

गिरणीवाल्याची लेक, तुमचं म्हणणं बरोबर आहे. काठीचा वळ ऐकू न येण्यानं उठला नाही, आणि दारूपायी आईची पाटली गेली ती कानामुळे गेली नाही. ते मी माफ केलंय असं म्हणणार नाही. ते तसंच राहू दे. बायकोलाही विचारलं. तुम्ही लिहिलंत जवळजवळ तेच ती म्हणाली, "पहिल्यांदा तो स्वतः सांगतो म्हणाला. मी फोन त्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले." नंतर तिलाही वाटलं होतं की मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती महिनाभर माझ्यावर चिडून होती, मला तेही कळलं नव्हतं.

श्रवणताई, कान तपासले. मुलाला म्हटलं, चल माझ्याबरोबर. का ते सांगितलं नाही, तो यायला तयारही नव्हता, पण मोटरसायकल चालवायला मिळते म्हणून आला. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. तो काचेबाहेर उभा. नंतर कळलं, त्याला बाहेर यंत्रावर दिसत होतं की आवाज चालू आहे आणि मी बटण दाबत नाहीये. बराच वेळ आवाज चालू, आणि मी नुसता बसलेला, समोर बघत.

कागद मिळाला त्यावर रेघ आडवी जाते आणि ४००० पाशी खड्ड्यात उतरते. डावा कान जास्त. ग्राइंडर मी डाव्या अंगाला धरतो. कामावर कानात घालायला नारिंगी बोळे देतात, पण ते घातले की वरून क्रेनवाला काय ओरडतो ते कळत नाही, म्हणून आम्ही काढून खिशात ठेवतो. सगळेच ठेवतात.

परत येताना तो गाडी चालवत होता, मी मागे. भरणे नाक्यावर चहाला थांबलो. त्यानं तो कागद माझ्याकडून मागून घेतला, उलगडला, ग्राफ वाचता येतोच त्याला. बराच वेळ बघत होता. मग मी त्याला पडवीतली गोष्ट सांगितली, पाऊस, दोर, ६१ टक्के, सगळी. आजोबा पाहिलेले त्याला आठवत नाहीत. त्यानं एवढंच विचारलं, "मग तुम्ही पुढं जाऊन समोर उभे राहून परत का नाही सांगितलंत?"

मला उत्तर देता आलं नाही. खरंच, दोन पावलं होती.

वाईकर, तुमचंही ऐकलं. जायच्या आधी दोन दिवस आम्ही घरातलं सगळं जुनं वायरिंग काढलं. मी शिडी धरली, तो वर. काही चुकलं की तो खाली उतरून माझ्या उजव्या बाजूला येऊन सांगायचा. मी त्याला तसं कर म्हणालो नव्हतो.

आता पुन्हा साइटवर आहे, १९ दिवस झाले. बोळे घालतो. क्रेनवाल्याशी हातानं खुणा ठरवून घेतल्यात. फोन आम्ही बंद केलाय. इथं खोलीत अकरा जण आणि एक जनरेटर, काही कळत नाही. तो रात्री लिहून पाठवतो. दोन ओळी असतात, फार तर तीन. कालची: "शेवटचा पेपर बरा गेला. एका प्रश्नात गडबड झाली, आल्यावर सांगतो. जेवलात का?"